तळ बघितल्याशिवाय

मी लातुरात पोहायला शिकवायचो असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग हसतात. पुण्याचे हसतात ते समजू शकतो, पण आमच्या नांदेडचेही हसतात. ज्या गावात धुण्याचं पाणी फरशीला आणि फरशीचं पाणी झाडाला जातं, त्या गावात हा बाबा सगळी नोकरी पाण्यात सूर मारायला शिकवत होता! पूर्वी मी त्यांना समजावत बसायचो. आता त्यांच्याबरोबर मीही हसतो आणि चहा पिऊन घरी येतो. एका वयानंतर समजावण्याचाही कंटाळा येतो.

लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला, त्या नवलाईच्या दिवसांत मी तिथं लागलो. नव्या संसाराला जसं सगळं एकदम पाहिजे असतं, तसं गावाला सगळं एकदम पाहिजे होतं. कचेऱ्या भाड्याच्या इमारतींत भरत होत्या आणि पाट्यांवरचा रंग हाताला लागत होता. आमच्या कॉलेजच्या संचालकांनी ठरवलं की जिल्ह्याच्या ठिकाणचं कॉलेज म्हणजे पोहण्याचा तलाव पाहिजे, आणि तलाव म्हणजे सूर मारायची उंच फळी पाहिजे. एका टोकाला खोल खड्डा खणून त्यावर फळी बसवली. पाण्याचं काय, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर शुभकार्याला नाट लावतो म्हणाले असते. गावानं त्या तलावाला पहिल्या दिवसापासून हौद म्हटलं, आणि मला हौदाचे सर.

मी नांदेडचा. वडील रेल्वेत गँगमन. आमची वस्ती गोदावरीपासून लांब नव्हती, त्यामुळं पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून नदीत ढकललं जाणं हेच आमचं शिक्षण. घाटाच्या पायऱ्यांवरून आम्ही दिवसभर सूर मारायचो. एका उन्हाळ्यात माझ्या जोडीदारानं नेहमीच्या जागेवरून नेहमीसारखाच सूर मारला. आदल्या पावसात तिथं वाळू येऊन बसली होती, ते कोणी खाली जाऊन बघितलं नव्हतं. त्याची मान गेली. तो पुढं बरीच वर्षं खाटेवर पडून होता, आणि मी सुटीत घरी गेलो की त्याची आई मला बघून आत निघून जायची. तेव्हापासून माझा एकच नियम होता. ज्या पाण्याचा तळ मी स्वतः खाली जाऊन हातानं चाचपला नाही, त्या पाण्यात माझ्या हाताखालचं लेकरू सूर मारणार नाही. हौदात सुद्धा मी रोज सकाळी आधी बुडी मारायचो. पोरं म्हणायची, सर फरशी मोजून येतात.

पहिली दोन वर्षं हौदात पाणी होतं. त्यातल्याच एका वर्षी ती आली. चाकूरकडच्या एका खेड्यातली, बी.ए.च्या पहिल्या वर्षातली. घरची शेती, स्वतःची विहीर. पोहायला येतं का म्हणून विचारलं तर उत्तर न देता सरळ फळीवर चढली. मी ओरडायच्या आत उडी घेतली. असं सरळ, काठीसारखं अंग मी फळीवर कधी बघितलं नव्हतं. विहिरीत शिकलेल्यांचं असंच असतं. चारी बाजूंनी दगड असला की माणूस आडवा जातच नाही. पण पाण्याला टेकायच्या क्षणी तिनं गुडघे पोटाशी घेतले आणि धाडकन मुटका मारला. पाणी पार माझ्या शिट्टीत गेलं. वर आली ती खूश होऊन.

आमच्याकडच्या विहिरींवर हीच रीत. ज्याच्या मुटक्याचं पाणी वरच्या काठाला भिजवतं तो पैलवान. आणि स्पर्धेत नेमकं उलटं. तिथं अंग असं शिरलं पाहिजे की पाण्याला पत्ता लागू नये. हे तिला समजायला एक दिवस लागला आणि अंगाला समजायला वर्ष गेलं. शेवटच्या क्षणी गुडघे वर यायचेच. दमून मी काठावर बसायचो आणि म्हणायचो, बाई, इथं कोणाला भिजवायचं नाही. ती हसायची आणि पुन्हा चढायची. वर्षाच्या शेवटी दहातल्या आठ उड्यांत पाणी गप्प राहायला लागलं. मी तिला सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यात विद्यापीठाच्या संघाची निवड आहे, औरंगाबादला. त्यात तू बसतेस.

यावर तिनं जे सांगितलं त्यानं मला घोर लागला. उदगीरचं एक स्थळ आलं होतं. अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिच्याशी करार केला होता की निवड झाली तर शिक, नाही झाली तर मुकाट बोहल्यावर चढ. तिला पुढं खेळाची शिक्षिका व्हायचं होतं. तेव्हा आमच्या भागात अशी एकही बाई नव्हती.

आणि त्याच वर्षी पाऊस गेला. परतीचाही आला नाही. हौद आधी हिरवा झाला, मग गुडघाभर, मग त्यात शेळ्या उतरून पाणी पिऊ लागल्या. मी प्राचार्यांकडं गेलो तर त्यांनी शांतपणे सांगितलं की बोअर आटलं आहे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून आणू. खरंच होतं ते. गावात चार दिवसांआड नळ यायचा आणि मी तलाव भरा म्हणून अर्ज देत हिंडत होतो. मलाच माझी लाज वाटायला लागली होती. नांदेडला गेलो की आई म्हणायची, "पाणी न्हाई त्या गावात पोहायचा मास्तर. सरकारला बी काय काम न्हाई." तरी कोरड्या खड्ड्यात वाळू टाकून आम्ही सराव करत राहिलो. फळीवरून उठायचं आणि पायांवर वाळूत उतरायचं. उठणं दिवसेंदिवस सुंदर होत गेलं. पाण्यात शिरणं मात्र वाळूत शिकता येत नाही.

मग तिच्या अप्पांनीच निरोप धाडला. आमच्या विहिरीत अजून पाणी आहे, सरांना घेऊन ये.

ती आदल्या दिवशीच गावी गेली होती. मी एसटीनं फाट्यापर्यंत गेलो. अप्पा बैलगाडी घेऊन उभे होते. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगावर पांढरं धोतर, बोलायला मोकळा माणूस. लिंगायत माणसं एकमेकांना करतात तसं "शरणार्थ" म्हणून त्यांनी हात जोडले. मीही जोडले. वाटेत त्यांनी माझं आडनाव विचारलं आणि त्यावरून गाव काढलं. आमच्याकडं आडनाव गावावरून पडतं आणि एकेका गावाची आडनावं सगळ्या जातींत सापडतात. त्या गावात अप्पांचे पाव्हणे होते. झालं, मीही लिंगायतच, असं त्यांनी मनाशी जुळवून टाकलं. मी मटण खात नाही हे बोलण्यात आलं, त्यानंही त्यांची खात्री पटली असावी. मला गाडीत बसल्या बसल्या कळलं होतं की हा माणूस चुकीच्या वाटेनं चालला आहे. पण तोंड उघडायची वेळ आली नव्हती आणि ऊन मरणाचं होतं.

विहीर जुनी, दगडी, पायऱ्यांची. पाणी खूप खाली गेलेलं, पण होतं. गावातल्या बाया घागरी घेऊन पायऱ्या चढत होत्या. पाणी खाली गेल्यावर विहिरीचं पोट दिसतं. कडेचे निखळलेले दगड, कपारीत अडकलेलं मोटेचं लोखंड. असलं वर दिसतं तर खाली काय असेल, हे मला दिसायला लागलं. ती पदर खोचावा तशी ओढणी खोचून तयार उभी. मी म्हणालो, आधी मी उतरतो, तळ बघतो, मग हिची पाळी.

"उतरा की सर," अप्पा म्हणाले, "आपल्याच माणसाला काय पुसायचं त्यात?"

तो शब्द आला नसता तर मी कदाचित उतरलो असतो आणि माझं मला झाकून ठेवलं असतं. पण "आपल्याच" म्हटल्यावर मला सदरा काढवेना. दुसऱ्याच्या नावानं पाण्यात शिरल्यासारखं झालं असतं. मी सांगितलं, "अप्पा, मी बौद्ध आहे. चालत असेल तर उतरतो."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. विहिरीकडं बघितलं. मुलीनं खाली मान घातली. तिला माहीत होतं. कॉलेजात सगळ्या पोरांना सगळ्या मास्तरांचं सगळं माहीत असतं, तिनं फक्त घरी सांगितलं नव्हतं.

"मला काय न्हाई सर," अप्पा म्हणाले. "मी असलं मानत न्हाई. पण गाव पिऊन राहिलंय हे पाणी."

मी विचारलं की गावातली पोरं यातच मुटके मारतात ना. अप्पा म्हणाले, ती गावचीच हायत. त्यात राग नव्हता. उलट बिचारे घामाघूम झाले होते. मग त्यांनी तोडगे काढायला सुरुवात केली. दोरीला दगड बांधून सोडू, खोली कळेल. मी म्हणालो, खोली कळेल, पण खाली उभा धोंडा आहे का, फुटकी घागर आहे का, ते दोरी सांगत नाही. गावातलं एखादं पोरगं उतरवू म्हणाले. मुलगी म्हणाली, मीच बघून येते. मी दोन्हींना नाही म्हणालो. ज्याला उडी मारायची घाई आहे त्याला तळ नेहमी साफच दिसतो, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर मी कोणाची मान ठेवत नाही.

अप्पांनी चहा पाजला, चांगल्या कपबशीत पाजला हेही सांगितलं पाहिजे. फाट्यावर सोडायला आले. एसटी लांबून दिसायला लागली तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, दिवस मावळल्यावर येत जा. अंधारात कोण बघतंय?"

"अंधारात तळ दिसत नाही, अप्पा," मी म्हणालो.

खरं सांगतो, ते मी पोहण्यापुरतंच बोललो होतो. गाडीत बसल्यावर, चाकूर मागं पडल्यावर, त्यांनी मला काय सुचवलं होतं ते हळूहळू अंगात उतरलं. मग लातूर येईपर्यंत खिडकीला डोकं टेकवून बसलो. राग आला होता, पण तो फेकावा असा माणूस समोर नव्हता. अप्पा वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती हौदाच्या कोरड्या काठावर येऊन बसली. म्हणाली, मी जन्मल्यापासून त्याच हिरीत पोहते, तुम्ही नुसते वर उभे राहा, मला काय होत न्हाई. मी तिला माझ्या जोडीदाराची गोष्ट सांगितली. तोही त्याच घाटावर लहानाचा मोठा झाला होता. मग मी दुसरी वाट सुचवली. नांदेडला घाटाजवळ डोहात अजून पाणी होतं, घरी माझी आई होती, बहीण होती. पंधरा दिवस तिथं राहा, मी सुटी काढतो, रोज सकाळी नदीवर जाऊ. ती आनंदानं घरी गेली. अप्पांचं उत्तर आलं, बघू. आमच्याकडं "बघू" म्हटलं की काय समजायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुलगी आमच्या घरी राहणार म्हणजे आमच्या माठातलं पाणी पिणार, एवढाच तो हिशेब होता.

कोणी विचारेल, मास्तर, तो नियम होता की अपमान होता? दोन्ही होतं. त्यातलं कुठलं किती, हे मी इतक्या वर्षांत वेगळं काढू शकलो नाही. पण ती विहीर आज पुन्हा तशीच समोर आली तरी मी तळ बघितल्याशिवाय तिला सोडणार नाही, एवढं मात्र पक्कं आहे.

औरंगाबादच्या तलावाचं पाणी निळं होतं. इतकं पाणी एका ठिकाणी बघून आम्ही दोघंही आधी काठावर वाकून हात बुडवून आलो. सकाळीच मी परवानगी काढून तळ बघून आलो होतो. तिचा नंबर आला. फळीच्या टोकाशी जाऊन ती वळली, उभी राहिली, उठली. वाळूतले सगळे महिने त्या उठण्यात होते. शेजारचा एक कोच म्हणाला, कोणाची हो ही पोरगी? मी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. ती वरून सरळ, काठीसारखी खाली आली, आणि पाणी हातभर राहिलं असताना गुडघे पोटाशी गेले.

पाणी परीक्षकांच्या टेबलापर्यंत उडालं. तिच्या गावी शिट्ट्या वाजल्या असत्या. ती वर आली ती, एवढं मोठं पाणी उडालं म्हणून, हसतच वर आली. क्षणभरच. मग तिनं माझ्याकडं बघितलं. ते हसू पुसलं जाताना मी बघितलं आहे, आणि अजून कधीही डोळ्यांपुढं येतं. पुढच्या उड्या तिनं नीट मारल्या, पण मन उठलं होतं. निवड झाली नाही. परतीच्या गाडीत एवढंच म्हणाली, "पाणी दिसलं आन अंगाला काही याद राहिली न्हाई सर." मी म्हणालो, तुझी चूक नाही.

त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. नवऱ्याचं उदगीरला भुसार मालाचं दुकान. पत्रिका घेऊन अप्पा स्वतः आले होते, सहकुटुंब या म्हणाले. मी गेलो. तोवर विहीर आटली होती आणि सगळं गाव टँकरवर आलं होतं. टँकर कुठं भरतो, कोण भरतो, पाइप कोणाच्या हातात असतो, कोणी विचारत नव्हतं. पंगतीत मी सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो, वाढणाऱ्यांनी आग्रह करकरून वाढलं. बुंदी चांगली झाली होती.

त्यानंतर माझी नोकरी पुष्कळ झाली. हौद कधी भरायचा, कधी आटायचा. दोनचार पोरं पोलिसात लागली, एक नगरपालिकेच्या तलावावर जीवरक्षक झाला. दुष्काळ आला की मी पोरांना मैदानावर पळवायचो आणि पाऊस आला की पाण्यात टाकायचो. फळीवर मात्र मी पुन्हा तेवढ्या आशेनं कोणाला चढवलं नाही. फळी गंजली, मग एक दिवस काढून ठेवली.

पण ते नंतरचं. लग्नानंतर दुसऱ्या पावसाळ्यात आभाळानं भरपाई केली. मांजरा दुथडी भरून गेली. श्रावणात अप्पा कॉलेजात आले. दारातच थांबून, पहिल्यांदाच म्हणत असल्यासारखं जरा अडखळून म्हणाले, "जयभीम, सर." मी उठून उभा राहिलो. विहीर तोंडापर्यंत भरली आहे, असं सांगत होते. गावातल्या चारचौघांशी मी बोललोय, कोणाची ना न्हाई, दिवसाढवळ्या या, उतरा. मुलगी बाळंतपणाला आली होती, ती वाट बघते आहे असंही म्हणाले.

मला जायचं नव्हतं. पाणी तुडुंब असलं की सगळेच मोठ्या मनाचे होतात, असं काहीतरी तोंडावर आलं होतं. पण एवढा म्हातारा माणूस उन्हातून आला होता, आणि जयभीम म्हणताना त्याच्या कपाळावर आलेला घाम मी बघितला होता. मी गेलो.

काठावर अर्धं गाव जमलं होतं. ती बाळाला मांडीवर घेऊन वरच्या दगडावर बसली होती, अंगानं भरलेली, डोक्याला रुमाल बांधलेली. मी सदरा काढला आणि सगळ्यांसमोर त्या पाण्यात उतरलो. पाणी गार होतं, गोड होतं. वरून सगळे वाकून बघत होते. मी श्वास भरून खाली गेलो. पायऱ्या संपल्या, उजेड हिरवा झाला, मग काळा झाला. कानात दुखायला लागलं. तरी हात पुढं करून जात राहिलो. हाताला पाण्याशिवाय काही लागेना. छाती फुटायची वेळ आली तेव्हा वळलो.

वर आलो तर अप्पा पायऱ्यांवर गुडघाभर पाण्यात येऊन उभे होते. "लागला का तळ?" त्यांनी विचारलं. मी धापा टाकत नाही म्हणून मान हलवली. म्हणालो, थोडा दम खातो, पुन्हा जातो.

"ऱ्हाऊ द्या सर," ती वरून म्हणाली. बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत, अगदी साध्या आवाजात. "आता कोण सूर मारणार हाय?"